बंब येण्याआधीची मिनिटे

अग्निशमन केंद्राच्या भेटीत एका विद्यार्थ्याने विचारले, "ज्या दिवशी आग लागत नाही, त्या दिवशी या सगळ्यांना पगार कशाबद्दल मिळतो?" बरोबरचे शिक्षक थोडे अवघडले. पण प्रश्न उद्धट नव्हता. नगरपालिकेचा अर्थसंकल्प मांडणाऱ्यांनाही तो पडतच असतो. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी आगीचे थोडे गणित करायला हवे.

आग कशी वाढते?

बंद खोलीतील आगीच्या सुरुवातीच्या वाढीचा अंदाज घेण्यासाठी अभियंते एक साधे सूत्र वापरतात. दर सेकंदाला बाहेर पडणारी उष्णता लोटलेल्या वेळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे ते मानतात. 'जलद' गटात मोडणारी आग अडीच मिनिटांत सुमारे १ मेगावॉटची होते. एक किलोवॉटच्या हजार शेगड्या एकदम पेटवाव्यात, तसे हे झाले. पाच मिनिटांनी ती ४ मेगावॉटची, आणि इंधन व हवा पुरली तर दहा मिनिटांनी १६ मेगावॉटची होते. वेळ दुप्पट, आग चौपट! मध्येच केव्हातरी छताखाली साठलेल्या वायूंचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसला पोचते आणि खोलीतील बहुतेक सर्व वस्तू जवळजवळ एकदमच पेट घेतात. त्यानंतर आत अडकलेल्या माणसाची आशा उरत नाही.

म्हणूनच अग्निशमन दलाचे पहिले मोजमाप पाण्याचे नसून मिनिटांचे असते. आपल्याकडील निकषांनुसार वर्दी मिळाल्यापासून शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोचावा अशी अपेक्षा आहे.

केंद्रे किती हवीत?

शहरातील गर्दीत बंबाचा सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर धरू. पाच मिनिटांत तो अडीच किलोमीटर जाईल. रस्ते वळणावळणाचे असल्यामुळे सरळ रेषेत हे अंतर १.८ किलोमीटरच्या आसपास भरेल. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ साधारण १० चौरस किलोमीटर येते. म्हणजे १०० चौरस किलोमीटरच्या शहराला किमान दहा केंद्रे हवीत. प्रवासाचा वेळ निम्मा करायचा ठरवला तर त्रिज्या निम्मी आणि क्षेत्रफळ एकचतुर्थांश होईल. मग चाळीस केंद्रे लागतील! आगीच्या बाजूने वर्ग आणि खर्चाच्या बाजूनेही वर्ग, अशा दोन वर्गांच्या कात्रीत ही सेवा सापडलेली असते.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. पगार आग विझवल्याचा नसतो. वर्दी येताच मिनिटभरात बाहेर पडता यावे, म्हणून सज्ज राहण्याचा तो मोबदला असतो.

पैसा कोठून येतो?

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा समावेश नागरी संस्थांच्या कामांत केलेला आहे. महाराष्ट्रात ही सेवा प्रामुख्याने महापालिका आणि नगरपरिषदा चालवतात. औद्योगिक वसाहतींसाठी औद्योगिक विकास महामंडळाची स्वतंत्र केंद्रे आहेत. खर्चाचा मोठा भार पालिकेच्या तिजोरीवर पडतो. २००६ च्या राज्य कायद्यानुसार नव्या बांधकामांकडून शुल्कही घेता येते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत महाराष्ट्रासारख्या राज्यांना प्रकल्पखर्चाचा २५ टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो.

या रचनेत एक उणीव राहते. खेड्यात गंजी पेटली की जवळच्या शहराचा बंब बोलवावा लागतो. पंचवीस किलोमीटरवरच्या वाडीला पोचायला ताशी ४० किलोमीटर वेगानेही पाऊण तासाच्या जवळपास वेळ लागतो. शिवाय तेवढा वेळ ते शहर उघडे पडते. एकच बंब असलेल्या नगरपरिषदेला हा निर्णय सोपा नसतो.

आधी काय?

घटनास्थळी क्रम ठरलेला असतो: आधी माणसे, मग आगीचा प्रसार, आणि नंतर प्रत्यक्ष आग. जळणारे घर सोडून जवान शेजारच्या भिंतीवर पाणी का मारतात, असे बघ्यांना वाटते. जळते घर कदाचित हाताबाहेर गेलेले असते. त्याच्या प्रारणाने तापणारे शेजारचे घर मात्र अजून वाचवता येते. एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ होताना अडीच मेगाज्यूलहून अधिक उष्णता शोषली जाते. हे पाणी कोठे खर्च करायचे, हाच निर्णय महत्त्वाचा.

तरीही सर्वांत स्वस्त मिनिटे बंब निघण्याआधीचीच असतात. आग उशिरा लक्षात आली आणि वर्दी देण्यात पाच मिनिटे गेली, तर जवळचे केंद्रही दूर पडते. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणम येथील शाळेचे झावळ्यांनी शाकारलेले छप्पर पेटले आणि ९४ मुले दगावली. अशी आग इतकी झपाट्याने पसरते की केवळ बंबाच्या भरवशावर राहता येत नाही. तेथे उपयोगी पडतात ते न पेटणारे छप्पर, मोकळा जिना आणि सराव. महाराष्ट्राचा २००६ चा कायदाही हेच धरून चालतो. त्याच्या कक्षेतील इमारतींत अग्निसुरक्षेची साधने चालू ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा वापरणाऱ्यावर असून, दर जानेवारीत आणि जुलैत तसे प्रमाणपत्र द्यावे लागते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके भरलेल्या जहाजावरील आग विझवताना ६६ अग्निशामक जवानांना प्राण गमवावे लागले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने वर्गात एक प्रयोग करता येईल. नकाशावर आपली शाळा आणि सर्वांत जवळचे केंद्र यांमधील रस्ता मोजावा आणि बंबाला लागणारी मिनिटे काढावीत. मग घंटा देऊन सर्व मुले मैदानात यायला किती वेळ लागतो, तेही घड्याळाने मोजावे. पहिला आकडा कमी करणे आपल्या हाती नाही. दुसरा मात्र पूर्णपणे आहे. आणि १०१ व ११२ हे क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असावेत.