अनेक मोटरींचा नमुना-अग्निबाण : रचना व वाहतूक

अमेरिकेत 1954 साली ऑर्व्हिल कार्लाइल ह्यांनी बदलता येण्याजोग्या मोटरीचा छोटा अग्निबाण सिद्ध केला आणि तेथून नमुना-अग्निबाणांचा छंद रूढ झाला. कागदी नळी, हलक्या लाकडाचे पंख व बंदुकीच्या दारूची तयार मोटर एवढीच त्याची सामग्री. अधिक भार वर न्यावयाचा झाल्यास एकीऐवजी तीन मोटरी शेजारी शेजारी बसवाव्यात, ही कल्पना साहजिक होय. परंतु त्यामुळे रेट्याबरोबर धोक्याचे स्वरूपही पालटते.

आरंभ मोटरीवरील संकेतापासून करणे इष्ट. ‘सी 6-5’ ह्या नावातील अक्षर एकूण आवेगाचा वर्ग सांगते. 6 हा सरासरी रेट्याचा न्यूटनमधील आकडा. तर 5 हा ज्वलन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचा सेकंदांतील अवधी. पुढच्या प्रत्येक अक्षरागणिक आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट होते. ‘सी’ची मर्यादा 10 न्यूटन-सेकंद, अर्थात तीन ‘सी’ मोटरींची बेरीज 30 पर्यंत, म्हणजे ‘ई’ वर्गात जाऊ शकते.

रचनेतील पहिला प्रश्न तोलाचा. अशी एक मोटर सुमारे 25 ग्रॅम भरते. दोन जादा मोटरींनी शेपटाकडील वजन वाढते व गुरुत्वमध्य मागे सरकतो. उड्डाण स्थिर राहण्यासाठी तो वायुदाबाच्या मध्यापुढे निदान नळीच्या एका व्यासाइतका असावा, असा प्रघात आहे. हा दाबमध्य गणिताने काढण्याची रीत जेम्स बॅरोमन ह्यांनी 1966 साली मांडली. अंतर अपुरे पडल्यास नाकात वजन घालावे अथवा पंख मोठे करावेत. मोटरींच्या नळ्यांमधील फटी बुजवणेही अगत्याचे. अन्यथा पॅराशूट फेकणारा वायू मागच्या मागे निसटतो.

दुसरा प्रश्न एककालिक ज्वलनाचा. समजा, एक मोटर शंभरांत 95 वेळा बिनचूक पेटते. तर तिन्ही पेटण्याचे प्रमाण शंभरांत सुमारे 86 वर उतरते. एक जरी निकामी ठरली, तरी रेटा एका बाजूस कलून अग्निबाण वाट सोडतो. प्रज्वलकांची जोडणी एकसर असल्यास प्रथम जळणारा प्रज्वलक मंडल तोडतो आणि इतरांना प्रवाह मिळत नाही. म्हणून जोडणी समांतर असावी व बॅटरी सर्वांना एकदम पुरेसा प्रवाह देणारी असावी.

वाहतुकीचे महत्त्व येथेच ध्यानात येते. दाबून बसवलेली दारू ठिसूळ असते. मोटर हातून पडली, किंवा उन्हात उभ्या गाडीत तापून पुन्हा निवाली, तर दारूस तडा जाऊ शकतो अथवा ती वेष्टनापासून सुटू शकते. बाहेरून काहीच दिसत नाही. मात्र पेटताच ज्वलनपृष्ठ अकस्मात वाढून मोटर फुटू शकते. तीन मोटरींत हा संभवही तिप्पट होतो. तेव्हा मोटरी अग्निबाणातून काढून थंड, कोरड्या, स्वतंत्र पेटीत न्याव्यात. पडलेली मोटर वापरू नये. प्रज्वलक उड्डाणस्थळीच बसवावेत. पंखांवर भार येणार नाही अशा रीतीने नळी मऊ आधारात ठेवावी. अमेरिकेत विमानप्रवासात मोटरी हाती वा सामानात नेण्यास मनाई आहे. मोटरींवाचून अग्निबाण नेता येतो.

सारांश, अनेक मोटरींच्या अग्निबाणाची सुरक्षितता बटण दाबण्याच्या क्षणी ठरत नाही. ती बव्हंशी आधीच, पेटी भरताना, ठरलेली असते.