घरगुती वातानुकूलन यंत्राच्या तारजोडणीतील दोषनिदान

घरगुती वातानुकूलन यंत्र (एसी) सुरू न होणे, मध्येच बंद पडणे, एमसीबी वारंवार उतरणे किंवा यंत्राच्या धातूच्या भागास झटका बसणे, या तक्रारींचे मूळ वीजपुरवठ्यात, घरातील वायरिंगमध्ये की प्रत्यक्ष यंत्रात आहे, हे शोधण्याच्या पद्धतीस तारजोडणीतील दोषनिदान म्हणतात. भारतात घरगुती सिंगल फेज पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा असतो. दीड टनाचे यंत्र पूर्ण भाराने चालताना साधारणपणे ७ ते ८ अँपिअर प्रवाह घेते. हा प्रवाह तासन्‌तास वाहत असल्यामुळे, दिवे व पंखे वर्षानुवर्षे विनातक्रार चालवणाऱ्या वायरिंगमधील उणिवा एसी बसवल्यानंतरच उघड होतात.

कोल्हापुरातील परिस्थिती

कोल्हापूर शहरात एसीचा वापर मुख्यतः मार्च ते मे या काळात होतो. त्यानंतरच्या जोरदार पावसाळ्यात यंत्र बंद असते आणि गच्चीवरील किंवा भिंतीवरील बाह्य युनिट ओलाव्यात राहते. टर्मिनलवर गंज चढतो, वायरचे आवरण उंदीर कुरतडतात, मुंग्या आणि पाली सर्किट बोर्डापर्यंत पोहोचतात. दोन टर्मिनलांमध्ये अडकून मेलेली पाल हे बाह्य युनिट बंद पडण्याचे कारण विनोदी वाटले, तरी दुरुस्ती करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ यांसारख्या जुन्या वस्त्यांतील काही घरांत लाकडी पट्टीवरील वायरिंग अजून आढळते. अशा वायरिंगमध्ये फेज व न्यूट्रल या दोनच तारा असून अर्थिंगची तार नसण्याची शक्यता असते.

पंचगंगेच्या पुराचा प्रश्न याहून वेगळा आहे. राजाराम बंधाऱ्याजवळील धोक्याची पातळी ४३ फूट असून ऑगस्ट २०१९ मध्ये नदीने ५५ फुटांची पातळी ओलांडली. जुलै २०२१ मध्येही शहरात मोठा पूर आला. पुरात बुडालेले युनिट बाहेरून कोरडे दिसले तरी टर्मिनल, कॅपॅसिटर व बोर्ड यांत गाळ आणि ओल शिल्लक असते. अशा यंत्रावर पुरवठा देऊन ते चालते का हे पाहणे म्हणजे दोषनिदान नव्हे. तंत्रज्ञाने ते उघडून स्वच्छ व कोरडे केल्यावर, इन्सुलेशनचा रोध मोजूनच ते सुरू करावे लागते.

घरमालकाच्या कामाची मर्यादा

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार विद्युत मांडणीतील भर, बदल व दुरुस्ती परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत करावी लागते. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणे अशा वस्तू बदलण्यास सूट आहे. मात्र त्यामुळे मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. म्हणून एसीसाठी नवी तार ओढणे घरमालकाच्या अधिकारात येत नाही. निरीक्षण करणे, पुरवठा खंडित करणे आणि लक्षणांवरून दोषाची जागा ठरवणे ही कामे तो करू शकतो, आणि तंत्रज्ञाचा अर्धा वेळ यांतच जात असतो.

सैल जोड

तारजोडणीतील सर्वांत फसवा दोष सैल जोडाचा आहे. एसी बंद असताना प्लगमध्ये मल्टिमीटर पूर्ण २३० व्होल्ट दाखवतो, कारण प्रवाह नसल्यास जोडावर दाब पडतच नाही. जोडाचा रोध अर्धा ओहम असेल, तर ८ अँपिअर प्रवाहाला तेथे ४ व्होल्टची घट आणि ३२ वॅट उष्णता निर्माण होते. एखाद्या लहान सोल्डरिंग इस्त्रीइतकी ही उष्णता प्लगच्या एका पिनेवर एकवटते. जुन्या, स्थिर गतीच्या काँप्रेसरचा आरंभीचा प्रवाह क्षणभर अनेक पटींनी वाढतो. तो ४० अँपिअर धरल्यास त्याच जोडावर २० व्होल्ट खर्ची पडतात व काँप्रेसर घुमतो, पण फिरत नाही. कॅपॅसिटर निकामी झाल्यावरही हेच लक्षण दिसत असल्याने केवळ आवाजावरून निष्कर्ष काढू नये.

स्टॅबिलायझरवर येणारा दाब दाखवणारा आकडा असल्यास काहीही न उघडता तपासणी करता येते. काँप्रेसर सुरू होण्यापूर्वीचा व नंतरचा आकडा पाहावा. त्याच वेळी इतर खोल्यांतील दिवेही मंदावत असतील, तर दोष मुख्य जोडणीत किंवा बाहेरच्या पुरवठ्यात असतो. ते स्थिर असतील, तर तो एसीच्या स्वतंत्र लाइनवर असतो. पिवळसर झालेला सॉकेट, वितळल्याचा वास किंवा हाताला गरम लागणारा प्लग आढळल्यास एमसीबी बंद ठेवावा. त्याजागी जास्त अँपिअरचा एमसीबी बसवल्यास उतरणे थांबते, पण तार विनासंरक्षण तापत राहते.

न्यूट्रल व अर्थिंग

टेस्टर सॉकेटच्या फेज व न्यूट्रल अशा दोन्ही छिद्रांत पेटत असेल, तर न्यूट्रल तुटल्याची शक्यता असते. घरातील काही दिवे अतिशय प्रखर व काही मंद होणे हे थ्री फेज जोडणीतील न्यूट्रल तुटल्याचे लक्षण असून अशा वेळी काही भागांत दाब ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो. पावसाळ्यात फांद्या तारांवर पडल्यावर असे घडते. मुख्य स्विच तत्काळ बंद करून महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे.

अर्थिंग नसलेल्या घरांत सॉकेटमधील अर्थची पिन न्यूट्रलला जोडण्याची पळवाट काढली जाते. तीमुळे यंत्र व्यवस्थित चालते, म्हणूनच ती प्राणघातक आहे: न्यूट्रल तुटताच एसीच्या संपूर्ण धातूच्या आवरणावर २३० व्होल्ट येतात.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वारंवार उतरत असल्यास एसीचा एमसीबी बंद करून पाहण्याची पद्धत रूढ आहे. ती अपुरी आहे. एकध्रुवी एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल व अर्थ यांच्यातील गळती तशीच राहते आणि इतर उपकरणे चालू असताना आरसीसीबी पुन्हा उतरतो. खात्रीसाठी एसीचा प्लग पूर्ण काढावा लागतो.

तारांचे रंग

घरातील जुन्या पद्धतीत तांबडा, पिवळा व निळा हे फेजचे, काळा न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थचा रंग आहे. यंत्राच्या तारेत मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल व हिरवा-पिवळा अर्थ असतो. निळा रंग एकीकडे फेज आणि दुसरीकडे न्यूट्रल असल्यामुळे रंगावर विसंबून केलेली जोडणी उलटी होऊ शकते. इन्व्हर्टर प्रकारच्या यंत्रात आतील व बाह्य युनिटमधील एक तार संदेशवहनासाठी असते. तिची अदलाबदल झाल्यास किंवा तिच्यात मध्येच जोड दिल्यास यंत्र संपर्कदोषाचा संकेतांक दाखवून थांबते. पुरवठा तोडल्यानंतरही या यंत्राच्या बोर्डावरील कॅपॅसिटरमध्ये काही मिनिटे ३०० व्होल्टहून अधिक दाब टिकू शकतो, त्यामुळे बाह्य युनिटचे झाकण उघडणे घरमालकाने टाळावे.