गावाच्या पाण्याचा हिशेब

राज्यशास्त्राच्या तासाला 'स्थानिक स्वराज्य संस्था' हे प्रकरण आले की आपण बहुतेक जण जांभया देऊ लागतो. वसंतराव नाईक समिती, १९६१ चा कायदा, १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा आणि १९९३ मध्ये अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती, एवढे लिहिले की उत्तर पूर्ण होते. सरपंचाने नेमके करायचे काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. हिवरे बाजारची हकीकत मला त्यासाठीच सांगावीशी वाटते.

पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हे लहानसे गाव पर्जन्यछायेत येते. १९८९ मध्ये वाणिज्य शाखेचे उच्च शिक्षण घेतलेले पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. १९९४ मध्ये गावाची आदर्श गाव योजनेत निवड झाली. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी ही सूत्रे आपण ऐकलेली असतात. डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, बांध पडले, झाडे लागली. पण अशी कामे इतरत्रही झाली आहेत, आणि पाच-सात वर्षांत तेथील विहिरी पुन्हा कोरड्या पडल्या आहेत. तेव्हा खरे मर्म चरांत नसावे.

आपल्याकडील काळा पाषाण पाणी फारसे धरीत नाही. वरचा मुरमाड थर आणि खडकातील भेगा, एवढीच त्याची साठवण. चर खणून पाणी मुरवले आणि शेजाऱ्याने खोल कूपनलिका घेतली, तर दहा जणांच्या श्रमाचे पाणी एकाच्या उसाला जाते. जमीन सातबाऱ्यावर ज्याची त्याची असली, तरी खालचे पाणी बांध ओळखत नाही! हिवरे बाजारच्या ग्रामसभेने शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली. ऊस आणि केळी यांसारखी पिके वर्ज्य केली. पुढे पाण्याचा वार्षिक ताळेबंद सुरू झाला. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी किती, हे मोजायचे. प्रथम माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे आणि उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवायची. पाऊस कमी, तर पीकही कमी पाण्याचे.

येथे नेतृत्वाची कसोटी लागते. रस्ता किंवा सभामंडप देणारा पुढारी लोकप्रिय होतो. मतदाराला 'ऊस लावू नकोस' म्हणणे कठीण. सरपंचाची मुदत पाच वर्षांची, तर डोंगर हिरवा व्हायला त्याहून अधिक काळ लागतो. हा निर्णय एकट्या सरपंचाचा असता तर पुढच्या निवडणुकीत पुसला गेला असता. तो ग्रामसभेचा होता, आणि हिशेब सर्वांसमोर मांडलेला होता, म्हणून टिकला असे मला वाटते. पवारांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, हे योग्यच. तथापि सारे श्रेय एका व्यक्तीला देऊन आपण मोकळे होतो, ही सवय मला खटकते.

आमच्या गावी ग्रामसभा भरते, सह्या होतात आणि चहा होतो. विहिरींच्या पातळीची नोंद ठेवावी असे मी तेथे सुचवले, तेव्हा नोंदवहीत तसा रकाना नाही असे उत्तर मिळाले. सध्या आम्ही तिघे विद्यार्थी सुट्टीत गावी गेलो की, गाठी मारलेली दोरी घेऊन सात विहिरी मोजतो आणि आकडे शाळेच्या फळ्यावर लिहितो.