बामियानची लेणी : रिक्त कोनाड्यांच्या भोवती

अफगाणिस्तानातील बामियान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर 55 व 38 मीटर उंचीच्या दोन भव्य बुद्धमूर्ती उभ्या राहतात. मार्च 2001 मध्ये तालिबानने त्या सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या. त्या घटनेने जगभरचे बौद्ध व्यथित झाले. परंतु त्या दुःखात एक गोष्ट दृष्टीआड राहिली. ज्या कड्यात त्या मूर्ती होत्या, त्याच कड्यात कोरलेल्या शेकडो गुहा आजही आहेत. मूर्ती हे बामियानचे मुख होते. तेथील संघाचे जीवन मात्र या गुहांमध्ये नांदत होते.

हिंदुकुश व कोह-इ-बाबा या पर्वतरांगांमध्ये सुमारे 2500 मीटर उंचीवर ही दरी वसली आहे. खाली नदीकाठची हिरवी शेते, दूरवर हिमाच्छादित शिखरे आणि मध्ये तांबूस, उभा कडा असे तेथील दृश्य आहे. भारताला मध्य आशियाशी जोडणारा व्यापारी मार्ग या दरीतून जात असे. विहार आणि व्यापारी मार्ग यांचे नाते नाणेघाट व जुन्नर पाहिलेल्या वाचकास नव्याने सांगावयास नको.

मात्र येथील खडक आपल्या सह्याद्रीसारखा नाही. आपला काळा पाषाण कठीण. त्यात स्तंभ, कमानी व मूर्ती छिन्नीने रेखीव कोरता येतात. बामियानचा कडा वाळू व गोटे यांच्या थरांनी बनलेला, ठिसूळ आहे. म्हणून तेथे आकार स्थूल कोरून त्यावर माती व गवताचा गिलावा देत आणि रंगकाम करीत. मोठ्या मूर्तीच्या चीवराच्या चुण्या खुंट्यांना बांधलेल्या दोरांवर गिलावा चढवून घडविल्या होत्या. काही गुहांची छते लाकडी तुळयांच्या रचनेची आठवण देतात. काहींवर घुमट आहेत. कड्याच्या पोटातून जिने व वाटा काढलेल्या होत्या.

इ. स. 630 च्या सुमारास चिनी भिक्खू युआन श्वांग येथे आला. येथील भिक्खू लोकोत्तरवादी संप्रदायाचे असल्याची नोंद त्याने केली आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार काही गुहांतील सातव्या शतकाच्या सुमाराची चित्रे तैलरंगांत आहेत. युरोपात हे तंत्र रूढ होण्याच्या कित्येक शतके आधीची ही चित्रे होत.

धम्माचे पीठ लोपल्यावरही गुहा ओस पडल्या नाहीत. अलीकडच्या युद्धकाळात बेघर झालेल्या हजारा कुटुंबांनी त्यांत आसरा घेतला. चुलींच्या धुराने छते काळवंडली, हे खरे. परंतु निराश्रितांना दोष देण्यापूर्वी त्यांना तेथे कोणत्या परिस्थितीने नेले, याचा विचार करावयास हवा. 2003 साली युनेस्कोने बामियानला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्याच वेळी धोक्यातील वारसास्थळांतही त्याची नोंद केली.

बामियानपासून आपण एवढे शिकावे : मूर्ती फोडता येते, परंतु संघजीवनाच्या खुणा सहज पुसता येत नाहीत. कार्ले, भाजे वा कान्हेरीस जाल तेव्हा चैत्यगृह पाहूनच परतू नका. शेजारच्या लहान खोल्या, दगडी ओटे आणि पाण्याची टाकी पाहा. धम्म तेथे प्रत्यक्ष जगला गेला आहे.