ई.एस.आर., सी.आर.पी. आणि मणक्याचा संधिवात

पाठदुखी कोणाला नाही? पोती उचलणाऱ्या हमालाला आहे, निंदणाला वाकणाऱ्या बायांना आहे आणि दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या आम्हा बँकवाल्यांनाही आहे. हे दुखणे कामाने वाढते व विश्रांतीने उतरते. परंतु विशी-पंचविशीतील तरुण पहाटे दुखण्याने जागा होतो, सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी ताठ राहते व हिंडू-फिरू लागल्यावर मोकळी होते, असे तीन महिन्यांहून अधिक चालले तर ते निराळे समजावे. हा मणक्याचा दाहयुक्त संधिवात, अर्थात अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असू शकतो. दुर्लक्ष झाल्यास काही रुग्णांचे मणके कालांतराने एकमेकांस जुळतात आणि पाठ कायमची ताठरते.

डॉक्टर अशा वेळी ई.एस.आर. व सी.आर.पी. या रक्ततपासण्या लिहून देतात. आम्ही डॉक्टर नव्हे, पण वाचून-विचारून जे समजले ते येथे मांडीत आहोत.

ई.एस.आर. साठी उभ्या नळीत रक्त ठेवून तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. स्वीडनच्या वेस्टरग्रेन यांची १९२१ सालची पद्धत आजही प्रमाण मानतात. शरीरात दाह असला की रक्तातील फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढते व पेशींच्या थप्प्या लागतात, काउंटरवर आम्ही नाण्यांच्या लावतो तशा. थप्पी सुट्या पेशीपेक्षा लवकर तळ गाठते. पन्नाशीच्या आत पुरुषांत १५ व स्त्रियांत २० पर्यंतचा आकडा सर्वसाधारण धरतात. मात्र रक्तक्षय, गरोदरपण, वाढते वय यांनीही तो चढतो. क्षयानेही चढतो, आणि मणक्याचा क्षय आपल्याकडे विसरून चालत नाही.

उलट बाजू आपल्या विदर्भाच्या जिव्हाळ्याची आहे. शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली. हा दोष आदिवासींत आहे, तसा आपल्या समाजातही आहे. विळ्याच्या आकाराच्या पेशींची थप्पी नीट लागत नाही. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णात दाह असूनही ई.एस.आर. कमी दिसू शकतो. शिवाय सिकलसेलनेही पाठ व खुबा दुखतो. म्हणून घरात कोणाला सिकलसेल असेल तर ते लाज न धरता डॉक्टरांना आधी सांगावे.

सी.आर.पी. हे यकृतात तयार होणारे प्रथिन. टिलेट व फ्रान्सिस यांना ते १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. दाह सुरू होताच काही तासांत ते वाढते आणि दाह शमला की एका दिवसाच्या आतच निम्म्यावर येते. ई.एस.आर. उतरायला आठवडे लागतात. औषध लागू पडते की नाही, हे सी.आर.पी. लवकर सांगतो.

येथे आकड्यांच्या माणसाची एक सूचना. मलकापूरची लॅब हा आकडा दर लिटरला देत असेल आणि अकोल्याची दर डेसिलिटरला, तर पहिलीचे १२ आणि दुसरीचे १.२ हे एकच! आकड्यापुढील एकक न वाचता घाबरणे अथवा निर्धास्त होणे, दोन्ही व्यर्थ.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत सी.आर.पी. वाढलेलाच नसतो. तेव्हा "रिपोर्ट तर नॉर्मल आहे, पोरगं कामचुकार आहे" असे ठरवून टाकणारी घरची मंडळी त्या मुलावर अन्याय करतात. तज्ज्ञही केवळ रक्तावर विसंबत नाहीत. २००९ पासून ॲसडास नावाचे मोजमाप वापरात आहे. त्यात पाठदुखी, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो, इतर सांध्यांची सूज-वेदना व रुग्णाचे स्वतःचे मत यांच्या जोडीला सी.आर.पी. किंवा ई.एस.आर. धरतात. १.३ च्या खाली आजार शांत, ३.५ च्या वर अतिशय तीव्र.

एच.एल.ए.-बी २७ ही तपासणी वेगळी. तिचा या आजाराशी संबंध १९७३ साली उघड झाला. ती जन्मजात खूण आहे, आजार चढला-उतरला तरी बदलत नाही. ती असलेल्या बहुतेकांना हा आजार होतही नाही. एकदा केली की पुरे. दरवेळी पैसे घालवू नयेत.

रिपोर्ट तारखेप्रमाणे फाईलला लावून ठेवावेत व शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी. त्या आठवड्यात ताप, दाताची सूज किंवा जखम झाली असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण सी.आर.पी. त्यानेही वाढतो.