वेबस्टर म्हणजे विणणारी बाई

आज आम्ही तुम्हाला एका आडनावाची गोष्ट सांगणार आहोत. आडनाव इंग्लंडमधलं आहे, वेबस्टर. तुमच्या लेकी-सुना कॉलेजात गेल्या असतील तर त्यांनी ते ऐकलं असेल, कारण इंग्रजीच्या एका मोठ्या शब्दकोशाला वेबस्टरचा शब्दकोश म्हणतात. तो नोआ वेबस्टर नावाच्या अमेरिकन माणसाने केला आणि १८२८ साली छापला. माणूस पुरुष, पण त्याचं आडनाव मुळात बाईच्या कामाचं. वेबस्टर म्हणजे मागावर कापड विणणारी बाई.

हे कसं, ते समजायला आपलीच भाषा घेऊ. आपण म्हणतो माळी आणि माळीण, कुंभार आणि कुंभारीण, शिंपी आणि शिंपीण. शेवटी ‘ईण’ लागलं की कळतं, बाईबद्दल बोलणं चाललंय. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही असाच एक शेपटीसारखा जोड होता. विणणारा पुरुष असला तर ‘वेब्बा’ आणि विणणारी बाई असली तर ‘वेबेस्त्रे’. ही ‘एस्त्रे’ म्हणजे त्यांची ‘ईण’. बोलता बोलता ती झिजून ‘स्टर’ झाली. वेब्बाचं वेब झालं आणि वेबेस्त्रेचं वेबस्टर. आज ही दोन्ही आडनावं आहेत.

या वेबस्टरच्या आणखी दोन बहिणी आहेत. भट्टीत पाव भाजणारा तो बेकर, आणि भाजणारी ती बॅक्स्टर. धान्यापासून एल नावाचं पेय बनवणारा तो ब्रूअर, आणि बनवणारी ती ब्रूस्टर. एल म्हणजे सौम्य दारूच. आपल्यातल्या अनेकजणींनी गावात दारूबंदीसाठी बाटल्या फोडल्या आहेत, तेव्हा हे ऐकून हसू येईल. पण त्या काळी तिकडे लहानथोर सगळेच एल रोज जेवताना प्यायचे, आणि ते घरोघरी बायकाच करायच्या. जास्त झालं की शेजारीपाजारी विकायच्या. म्हणजे कापड, पाव आणि एल, रोजच्या गरजेच्या तीन वस्तू आणि तिन्हींना बायकांच्या कामाची नावं.

आता ही कामाची नावं आडनावं कशी झाली? इंग्लंडमध्ये १०६६ साली फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी राज्य जिंकलं. त्याआधी तिथल्या साध्या माणसाला आडनाव नसायचंच. नंतर आधी मोठ्या जमीनदारांनी आडनावं लावली आणि पुढच्या तीनेकशे वर्षांत ती खालपर्यंत झिरपली. गावात चार जॉन असले की ओळखायचे कसे? एक टेकडीजवळचा जॉन, एक विल्यमचा पोरगा जॉन, एक लोहारकाम करणारा जॉन. लिहिणाऱ्याने जे लिहिलं ते चिकटलं आणि बापाकडून पोराकडे जाऊ लागलं. पोराने लोहारकाम सोडलं तरी तो स्मिथच राहिला. आपल्याकडे नाही का, कुळकर्ण गेलं तरी कुलकर्णी हे आडनाव राहिलं, तसंच.

या लिहिण्यातच खरी गोम आहे. इंग्लंडच्या राजाने १३७७, १३७९ आणि १३८१ असा तीनदा डोईपट्टी कर बसवला. या करापायीच १३८१ साली शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. त्या कराच्या याद्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. १३७९च्या करात सोळा वर्षांवरचा एकटा माणूस एक धरला होता आणि लग्न झालेलं जोडपं मिळूनही एकच. मग कारकून नवऱ्याचं नाव लिहायचा आणि पुढे लॅटिनमध्ये नुसतं लिहायचा, ‘आणि त्याची बायको’. नावही नाही आणि कामही नाही. ज्या बायका एकट्या होत्या, म्हणजे कुमारिका नाहीतर विधवा, त्यांचं मात्र स्वतःचं नाव यादीत यायचं, आणि कधीकधी कामही. म्हणजे तेच काम करणारी बाई लग्न झालं की यादीतून दिसेनाशी व्हायची.

गावच्या जमीनदाराच्या कचेरीतही तसंच. एल करून विकणाऱ्यांवर तिथे लहानसा दंड लागायचा. तो खरं तर परवान्याच्या फीसारखाच होता. दंड भरणाऱ्यांच्या याद्या तपासून एका अमेरिकन बाईने, जुडिथ बेनेट यांनी, १९९६ साली ग्रंथ लिहिला. त्यातून दिसतं की एल करणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, तरी काही गावांत दंडाच्या यादीवर घरधन्याचं नाव चढायचं. चुलीपुढे उभी राहायची ती आणि कागदावर यायचा तो.

तुम्ही विचाराल, असं होतं तर बाईच्या कामाचं नाव आडनाव होऊन टिकलं कसं? एक वाट अशी की घर विधवेच्या जिवावर चालायचं आणि पोरांना लोक तिच्या नावाने ओळखायचे. पण सगळेच वेबस्टर एखाद्या विणकर आजीचे वंशज आहेत असं मात्र समजू नका. दुसरी वाटही होती. इंग्लंडच्या उत्तर भागात ‘स्टर’ या जोडातला बाईपणा लवकर पुसला गेला. तिथे विणणाऱ्या पुरुषालाही वेबस्टर म्हणू लागले. काम बायकांचं म्हणून शब्द बायकांचा होता. त्या कामात पुरुष आले, तेव्हा तो आयता शब्द त्यांनाही लागला.

आणि पुरुष या कामात का आले, तेही बघण्यासारखं आहे. जुना माग भिंतीला उभा टेकवलेला असायचा. घरातली बाई पोरं सांभाळत, रांधत, मधल्या वेळात त्यावर विणायची. पुढे आडवा, पायट्यांचा माग आला. त्यातला रुंद माग चालवायला दोन माणसं लागायची, त्याला जागा लागायची, भांडवल लागायचं. कापड दूरच्या बाजारात जाऊ लागलं, पैसा येऊ लागला. शहरांत विणकरांचे संघ झाले, त्यांचे नियम झाले. १४६१ साली ब्रिस्टल शहरात नियम झाला की कोणत्याही विणकराने आपल्या बायकोला, मुलीला किंवा मोलकरणीला मागावर बसवू नये. कारण काय दिलं? बायका कामाला लावल्यामुळे पुरुष बेकार फिरतात. आधीपासून विणत असलेल्या बायकांना तेवढी सूट होती. त्यांच्यानंतर बायकांना तो माग बंद.

एलचंही असंच झालं. घरी केलेलं एल चार-सहा दिवसांत आंबून जायचं, म्हणून ते थोडं करायचं आणि तिथल्या तिथे विकायचं. पुढे आजच्या हॉलंड-बेल्जियमकडून बिअर आली. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालतात, त्यामुळे ती जास्त दिवस टिकते. टिकते म्हणून मोठ्या भांड्यांत करता येते, दूर नेता येते. पण मोठी भांडी घ्यायला कर्ज हवं, आणि कर्ज बाईच्या नावावर मिळणार कसं? इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईची कमाई आणि चीजवस्तू नवऱ्याच्या हाती जायची. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. तोवर ब्रूस्टरणी धंद्यातून बाहेर पडलेल्या होत्या.

एक काम मात्र बायकांकडेच राहिलं. सूतकताई. एक माग चालू ठेवायचा तर कितीतरी कातणाऱ्या लागायच्या, आणि मोबदला तुटपुंजा. अठराव्या शतकात सूत कातायची यंत्रं येईपर्यंत हे काम बायकांचंच होतं. कातणाऱ्या बाईला शब्द होता ‘स्पिनस्टर’. त्यात पुरुष आले नाहीत, म्हणून शब्दातला बाईपणाही गेला नाही. पण त्याचं झालं काय? सतराव्या शतकापासून सरकारी कागदात लग्न न झालेल्या बाईपुढे ‘स्पिनस्टर’ लिहू लागले, आणि पुढे ‘लग्न न होता राहिलेली’ असा टोमणा त्यात शिरला. इंग्लंडमधल्या लग्नाच्या नोंदवहीतून हा शब्द २००५ साली काढला. जिथे पुरुष आले तिथे बाईचा शब्द घराण्याचं नाव झाला. जिथे पुरुष आले नाहीत तिथे तोच बाईला हिणवायचा शब्द झाला.

‘स्टर’मधला बाईपणा किती पुसला गेला, त्याचा आणखी एक पुरावा आपल्या शिलाई मशीनवाल्या मैत्रिणींसाठी. शिवणारी बाई म्हणजे आधी ‘सीमस्टर’. नंतर लोकांना त्यातून बाई कळेना, म्हणून शेवटी फ्रेंच भाषेतली दुसरी शेपटी लावली आणि ‘सीमस्ट्रेस’ झालं. म्हणजे आपण ‘शिंपीणबाईण’ म्हणावं तसं! एका शब्दात दोनदा बाई.

आज हे वेबस्टर कुठे राहतात? इंग्लंडमध्ये १८८१ साली झालेल्या जनगणनेवरून अभ्यासकांनी आडनावांचे नकाशे केले आहेत. त्यात वेबस्टर लोक जास्त करून उत्तरेत आणि मध्यभागात दिसतात. यॉर्कशर, लँकेशर, डर्बीशर या भागांत. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याला, अँगस भागातही खूप. दक्षिणेकडे उतरलं की वेबस्टर विरळ होतात आणि वेब वाढतात. बॅक्स्टर आणि बेकरचं तसंच आहे. स्कॉटलंड आणि उत्तरेत बॅक्स्टर, दक्षिणेत बेकर. सहाशे वर्षांपूर्वी कोणत्या भागात कोणता शब्द तोंडात होता, ते आज आडनावांवरून दिसतं. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसाच प्रकार.

पुढे हे आडनाव समुद्रापार गेलं. सतराव्या शतकात इंग्लंडमधून जॉन वेबस्टर नावाचे गृहस्थ अमेरिकेत गेले आणि कनेटिकट वसाहतीचे गव्हर्नर झाले. शब्दकोशवाले नोआ वेबस्टर त्यांच्याच वंशातले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथेही वेबस्टर पुष्कळ आहेत. आणि कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला या चिमुकल्या बेटावर तर हे नेहमीचं आडनाव आहे. तिथले बहुतेक लोक आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज. त्या बेटांवर गुलामांची स्वतःची नावं पुसून त्यांना अनेकदा मालकाचं आडनाव लागायचं. त्याच अँग्विलाचे रोनाल्ड वेबस्टर यांनी १९६७ साली आपल्या बेटाच्या हक्कांसाठी लढा उभारला आणि १९७६ साली ते तिथले पहिले मुख्यमंत्री झाले. उत्तर इंग्लंडमधल्या विणकर बाईचा शब्द कुठून कुठे गेला पाहा.

आता आम्ही बचत गटाच्या कामात असूनही ही परदेशातली गोष्ट का सांगतोय? कारण आम्हाला त्या कारकुनाची यादी ओळखीची वाटते. गटाचे फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात आपल्याच बायका ‘घरकाम’ सांगतात. म्हशी सांभाळते ती, डेअरीचं खातं त्यांच्या नावावर. पापड लाटते ती, पाकिटावर नाव दुकानदाराचं. शेतात राबते ती, सातबारा सासऱ्यांचा. ‘आणि त्याची बायको’ हे आपल्या कागदांवरही लिहिलेलं आहे, फक्त शाईने लिहिलेलं नाही.

काम वाढतं, मशीन येतं, कर्ज लागतं, मोठा बाजार मिळतो, तेव्हाच काम बाईच्या हातून निसटतं, हे ब्रिस्टलच्या मागाने आणि बिअरच्या भांड्यांनी दाखवलं. आपल्या गटाची पिठाची गिरणी किंवा मसाल्याचं मशीन येईल, तेव्हा हे लक्षात ठेवू. बिल कोणाच्या नावावर फाडलं, नोंदणी कोणाच्या नावाने झाली, बँकेत सही कोणाची, हे तिघी-चौघींनी मिळून तपासायचं. सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायला लक्ष्मी मुक्ती योजना आहे. तलाठ्याकडे जाऊन चौकशी करा, एकटी नको, गटाने जा.

आणि पुढच्या बैठकीत एक करा. गटाची नोंदवही उघडा, आणि प्रत्येकीच्या नावापुढे ती खरंच जे काम करते ते लिहा. शेतकरी, दूध उत्पादक, शिवणकाम, कुक्कुटपालन, जे असेल ते. एकीची दोन-तीन कामं असली तर सगळी लिहा, जागा कमी पडली तर दुसरी ओळ घ्या.