यजमानाचे स्वप्न

त्रिशलामातेची स्वप्ने आपल्या घरांतील लहान मुलांनाही पाठ असतात. श्वेतांबर परंपरेत ती 14 आणि दिगंबर परंपरेत 16. पर्युषणातील सोहळ्यांमुळे त्यांचे विस्मरण होणे शक्यच नाही. त्या मानाने हस्तिनापुरात एका यजमानाच्या संदर्भात पडलेल्या स्वप्नांची आठवण क्वचितच निघते. अक्षय्य तृतीयेच्या उसाच्या रसाची कथा सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या रसापूर्वीची रात्र आपण वगळून टाकतो.

दीक्षेनंतर भगवान ऋषभदेव आहारासाठी गावोगावी विहार करीत होते. मुनीला आहार कसा द्यावा, हे त्या काळी कोणालाच ज्ञात नव्हते. भगवंतांना पाहताच लोक श्रद्धेने धावत येत. कोणी हत्ती-घोडे आणी, कोणी रत्ने, कोणी वस्त्रे, तर कोणी आपली कन्याच पुढे करी. भगवान मौनपणे पुढे निघून जात. या दात्यांपैकी एकही कृपण नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे. प्रत्येकाने आपल्याजवळचे उत्तमोत्तम पुढे केले होते. समोरच्याला भूक असेल, एवढे मात्र कोणाच्याही मनात आले नाही.

अशा वेळी भगवान हस्तिनापुराजवळ आले. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांनी वर्णिल्याप्रमाणे त्या रात्री तिघांना स्वप्ने पडली. काळवंडलेल्या मेरू पर्वताला आपण दुधाच्या कलशांनी न्हाऊ घालून उजळविले, असे राजपुत्र श्रेयांसाने पाहिले. सूर्यापासून गळून पडलेले सहस्र किरण श्रेयांस पुन्हा जागच्या जागी बसवीत आहे, असे सुबुद्धी श्रेष्ठीला दिसले. शत्रूंनी वेढलेला एक वीर श्रेयांसाच्या साहाय्याने विजयी झाला, असे राजा सोमयशाने पाहिले. सकाळी तिघांनी परस्परांना स्वप्ने सांगितली. पण अर्थाचा निर्णय न होताच ते घरोघरी परतले.

नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात मात्र ही स्वप्ने वेगळी आहेत. तेथे श्रेयांसाला मेरू, कल्पवृक्ष, सिंह, वृषभ, सूर्य-चंद्र, समुद्र इत्यादी दिसतात आणि मेरूसारखा उन्नत कोणी महापुरुष आपल्या घरी येईल, असा अर्थ पुरोहित सांगतो. ही स्वप्ने अतिथीची थोरवी सांगतात. हेमचंद्रांच्या कथेत यजमानाचे कर्तव्य दिसते, आणि मला त्या स्वप्नांचे अधिक आकर्षण वाटते. आयुष्य जमा-खर्चाच्या नोंदींत गेल्यामुळे असेल, पण स्वप्न म्हटले की लाभ कोणाच्या खात्यात, हाच प्रश्न प्रथम सुचतो. या तिन्ही स्वप्नांत श्रेयांसाच्या खात्यात काहीच जमा होत नाही. मेरू त्याचा नव्हे, किरण सूर्याचे, विजय त्या वीराचा. निस्तेज झालेले ज्याचे त्याला परत मिळावे, एवढ्यासाठी त्याचे हात राबतात. सुवर्णकांती असलेला, पण दीर्घ उपवासाने म्लान झालेला देह दारी येणार होता, हे ध्यानात घेतले की काळवंडलेला मेरू आपोआप उलगडतो.

तथापि, आहारदानाचा विधी स्वप्नाने शिकविला नाही. भगवंतांचे दर्शन होताच श्रेयांसाला जातिस्मरण झाले आणि पूर्वजन्मीच्या स्मृतीतून निर्दोष आहार म्हणजे काय, ते उमगले. याबाबत दोन्ही परंपरांचे एकमत आहे. राजवाड्यातील कोणतेही मौल्यवान द्रव्य त्याने पुढे केले नाही. उसाच्या रसाचे कलश तेथे होते, तो रस भगवंतांच्या ओंजळीत ओतला. त्या पारण्याच्या स्मरणार्थ आजही वर्षीतपाचे तपस्वी उसाचा रस घेतात.

मराठीत पत्नी पतीलाही ‘यजमान’ म्हणते, तेव्हा स्वप्नातील यजमान कोण, याची फोड प्रत्येकाने आपापली करावी. मात्र तो दिसलाच, तर त्याच्या हातात काय होते आणि ते कोणासाठी होते, हे जागे झाल्यावर आठवून पाहावे. आपल्या विवाहसमारंभांत पदार्थांची गणती करता करता पाहुणा थकतो. आणि चौविहार पाळणारी एखादी वृद्ध मावशी सूर्यास्तापूर्वी मंडपात येऊन बसलेली असते, तेव्हा आचाऱ्याने चूलही पेटविलेली नसते.